संकटातल्या प्राण्यांसाठी मुलांनी पैसे जमवायचे झाले तर... वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली काही वर्षं आमच्या निसर्ग मंडळाकडे मुलांची, आईबाबांची आणि शिक्षकांची तीच तीच विचारणा येते. दिवाळीच्या सुट्टीआधी तर रोज. म्हणून सगळी उत्तरं एका जागी लिहून ठेवली. वाचताना क्रमाने जायची गरज नाही, जिथे दुसऱ्या उत्तराशी संबंध आहे तिथे तसं सांगितलं आहे.

१. आम्ही सातवीतल्या चार मैत्रिणी आहोत. आम्हाला पैसे जमवता येतील का, की हे मोठ्यांचंच काम आहे?

येतील. रद्दी विकून, कंदील करून, खाऊचे पैसे साठवून आलेली रक्कम एखाद्या संस्थेला देण्यात बेकायदा काहीच नाही. फक्त पैसे ठेवणं आणि भरणं यासाठी एक मोठं माणूस सोबत हवं (प्रश्न ८). लहान वयात हे जमत नाही असं वाटत असेल तर अमेरिकेतल्या ऑलिव्हिया बूलरची गोष्ट ऐका. २०१० मध्ये मेक्सिकोच्या आखातात तेलगळती झाली, पक्षी तेलाने माखून मरू लागले. अकरा वर्षांच्या ऑलिव्हियाने ऑडुबॉन सोसायटी या पक्ष्यांसाठी काम करणाऱ्या तिथल्या संस्थेला पत्र लिहून कळवलं की ती पक्ष्यांची चित्रं काढून मदत करेल. लोकांनी देणगी द्यायची आणि तिने चित्र पाठवायचं, अशा पद्धतीने दीड लाख डॉलरहून जास्त रक्कम उभी राहिली. तिने सुमारे पाचशे चित्रं काढली. हात दुखला असणार!

२. कोणत्या प्राण्यासाठी जमवावेत? सगळ्यांना वाघ हवाय.

दर वेळी मतदान घेतलं की वाघच जिंकतो. वाघाबद्दल आमची तक्रार नाही, पण वाघामागे केंद्र सरकार १९७३ पासून व्याघ्र प्रकल्प घेऊन उभं आहे, आणि २०२२ च्या गणनेत देशात ३,६८२ वाघ असल्याचा अंदाज निघाला, त्यातले ४४४ महाराष्ट्रात. तुमचे तीन हजार रुपये तिथे समुद्रात मीठ.

त्यापेक्षा आपल्या आजूबाजूला बघा. कोकणात असाल तर समुद्री कासव आणि खवले मांजर. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ पासून ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखायला सुरुवात केली, आणि गावकऱ्यांनी ते काम आपलं मानलं. गोव्यात असाल तर मोरजी, आगोंद, गालजीबाग हे कासवांचे किनारे. गोंदियात सारस क्रौंच. नंदुरबार किंवा मेळघाटाकडे रानपिंगळा, एक छोटं घुबड, जो १८८४ नंतर कुणालाच दिसला नव्हता आणि ११३ वर्षांनी, १९९७ मध्ये, शहाद्याजवळ पुन्हा सापडला. ही गोष्ट वर्गात सांगून बघा, वाघाची मतं कमी होतात.

माळढोकाबद्दल वेगळं सांगतो. सोलापूरजवळच्या नान्नजला १९७९ मध्ये माळढोकासाठी अभयारण्य झालं, आणि आज देशभरात मिळून दीडशेच्या आसपासच पक्षी उरलेत. आम्हाला हा पक्षी फार जवळचा. पण त्याचं मुख्य दुखणं म्हणजे विजेच्या तारा आणि गवताळ माळरान नाहीसं होणं. पैदास केंद्रं राजस्थानात जैसलमेरकडे सरकारी खर्चाने चालतात. तिथे तुमच्या डब्यातल्या पैशाला जागा शोधणं अवघड. माळढोकासाठी पत्र लिहा, चित्रं लावा, पैसे मात्र दुसरीकडे वळवा.

३. प्राणी खरंच संकटात आहे हे कसं कळणार? आमच्या बाई म्हणतात चिमण्यांसाठी करूया.

दोन याद्या बघायच्या. एक, आययूसीएन या निसर्ग संवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची लाल यादी, जी जगभराच्या परिस्थितीवरून प्राण्याला श्रेणी देते. दुसरी, आपला १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि त्याची परिशिष्टं. या दोन्ही एकसारख्या नसतात. शेकरूला कायद्याचं संरक्षण आहे आणि ते आपलं राज्य प्राणी आहे, पण लाल यादीत त्याची श्रेणी 'कमी चिंतेची'. घरचिमणीचीही तीच. म्हणजे चिमणीसाठी काही करू नये असं नाही, तुमच्या पेठेतल्या चिमण्या कमी झाल्या असतील तर घरटी टांगा, पाणी ठेवा, पण 'नामशेष होणारी चिमणी वाचवा' असं पोस्टरवर लिहून पैसे मागू नका. देणाऱ्याला खरं कळायला हवं. भारतीय खवले मांजर लाल यादीत 'संकटग्रस्त' आहे, आणि कायद्यात पहिल्या परिशिष्टात. त्याच्यासाठी मागताना पोस्टरवर काही वाढवून लिहायची गरजच पडत नाही.

४. आधी पैसे जमवू आणि मग संस्था शोधू, चालेल ना?

नाही. सगळ्यांत जास्त चुका इथेच होतात. एक वर्ष आम्हीच न विचारता जुन्या चादरींची दोन पोती गोळा करून किनाऱ्यावर कासवाचं काम करणाऱ्या एका गटाला पाठवली. त्यांनी फोन करून आभार मानले, मग थोडं थांबून म्हणाले, "सर, टॉर्चचे सेल असते तर बरं झालं असतं." रात्रपाळीला टॉर्च लागतो, तोही लाल कागद लावलेला, कारण पांढऱ्या उजेडाने मादी बिचकते आणि पिल्लांची दिशा चुकते. हे आम्हाला ठाऊक असायला हवं होतं.

म्हणून आधी फोन किंवा पत्र. विचारायचे प्रश्न सोपे आहेत: सध्या कशाची अडचण आहे? आमच्यासारख्यांच्या चार-पाच हजारांत काय येईल? पैसे हवेत की वस्तू? पावती कुणाच्या नावाने मिळेल? काम करणाऱ्या माणसाला बोलायला वेळ नसेल तर आठवडाभर थांबा. नोव्हेंबर ते मार्च किनाऱ्यावरचे लोक रात्रभर जागे असतात, दुपारी फोन उचलणार नाहीत.

५. चार-पाच हजारांत खरंच काही होतं का?

काम कोणतं यावर आहे. कासवाच्या एका घरट्यात साधारण शंभर ते सव्वाशे अंडी असतात. कुत्री, कोल्हे आणि माणसं यांच्यापासून वाचवायला ती काढून जाळीच्या कुंपणात, वाळूत तेवढ्याच खोल पुन्हा पुरावी लागतात. मग पंचेचाळीस ते साठ दिवस राखण. यात जाळी, बांबू, टोपल्या, टॉर्च, रात्री किनाऱ्यावर फिरणाऱ्या कासवमित्राचा मेहनताना असे छोटे छोटे खर्च असतात. तिथे तुमची रक्कम दिसते. हेलिकॉप्टर, रेडिओ कॉलर, जमीन खरेदी अशा कामात ती दिसत नाही.

६. पैसे जमवायचे कसे? काही सुचवा.

आमच्या अनुभवात रद्दीला तोड नाही. सोसायटीत आठवडाभर आधी चिठ्ठी लावा, रविवारी सकाळी हातगाडी किंवा दोन सायकली घेऊन फिरा, रद्दीवाल्याशी भाव आधी ठरवा आणि वजन मुलांसमोरच करून घ्या. लोकांना पैसे द्यावे लागत नाहीत, घर मोकळं होतं, सगळे खूश.

दिवाळीत आकाशकंदील आणि रंगवलेल्या पणत्या चालतात. दरवर्षी होणारा किल्ला या वर्षी वेगळा करा: शिवनेरीशेजारी वाळूचा किनारा, त्यावर मातीची कासवं, बाजूला माहितीची पाटी आणि डबा. एका मुलाने किल्ल्यावर मावळ्यांच्या रांगेत गिधाडं बसवली होती, त्याचं म्हणणं की खऱ्या किल्ल्यांच्या कड्यांवर ती पूर्वी असायचीच. त्याच्या डब्यात सगळ्यांत जास्त पैसे पडले.

वाढदिवसाला भेटवस्तूंऐवजी देणगी मागणं हा आणखी एक मार्ग, पण मुलाला स्वतःला ते हवं असेल तरच. आईबाबांच्या हौसेपोटी सहा वर्षांच्या मुलाचा खेळणी मिळण्याचा दिवस हिरावून घेऊ नका.

७. लकी ड्रॉ किंवा हाउजी ठेवली तर पटकन पैसे जमतील ना?

जमतील, पण करू नका. तिकीट विकून सोडतीने बक्षीस देणं ही कायद्याच्या नजरेत लॉटरी ठरते, आणि परवानगीशिवाय लॉटरी चालवणं गुन्हा आहे. चांगल्या कामासाठी आहे म्हणून सूट मिळत नाही. त्याऐवजी प्रश्नमंजूषा ठेवा.

८. पैसे कुणाच्या खात्यात ठेवायचे? बाबांच्या मोबाइलचा क्यूआर कोड लावला तर?

शक्य असेल तिथे पैसे तुमच्या हाती येऊच देऊ नका. ऑलिव्हियाची पद्धत (प्रश्न १) त्यासाठीच सांगितली. देणाऱ्याने थेट संस्थेला द्यायचं, तुम्हाला पावतीचा फोटो दाखवायचा, तुम्ही कंदील किंवा चित्र द्यायचं. यात हिशोबाचा घोळ नाही, आणि देणाऱ्याला स्वतःच्या नावाची पावती मिळते, जिचा उपयोग प्रश्न ९ मध्ये कळेल.

रद्दीचे किंवा डब्यातले रोख पैसे मात्र तुमच्याकडेच येतात. ते दोन मोठ्या माणसांसमोर मोजा, वहीत लिहा, दोघांच्या सह्या घ्या, आणि दोन-तीन दिवसांत संस्थेच्या खात्यात भरा. बाबांचा क्यूआर लावायचाच असेल तर त्या खात्यात घरचे व्यवहार मिसळतात हे लक्षात ठेवा. बाबा कितीही प्रामाणिक असले तरी शेजारच्या काकांना ते दिसत नाही. अशा वेळी रोजची बेरीज दारावर चिकटवा.

९. देणाऱ्यांना आयकरात सूट मिळते का?

संस्थेकडे ८० जी म्हणून ओळखली जाणारी नोंदणी असेल आणि देणारा जुन्या कर पद्धतीने विवरणपत्र भरत असेल तर मिळू शकते. नव्या पद्धतीत ही वजावट नाही. दोन हजार रुपयांहून जास्त रोख दिली तर त्यावरही सूट नाही, म्हणून मोठी रक्कम चेकने किंवा ऑनलाइन.

खाचखळगा पुढे आहे. चाळीस घरांतून गोळा केलेले पैसे एका बाबांनी आपल्या नावाने भरले तर पावती एकाच नावाची निघते. ती दाखवून त्या बाबांनी स्वतःची वजावट घेणं म्हणजे दुसऱ्यांच्या पैशावर सूट घेणं. ते करायचं नाही. ज्यांना सूट हवी त्यांना थेट द्यायला सांगा, बाकीची रक्कम मंडळाच्या किंवा शाळेच्या नावाने भरा.

१०. गणपतीची वर्गणी काढतात तसं दारोदार फिरलो तर?

आपल्या सोसायटीत, ओळखीच्या घरी, उजेडात आणि सोबत मोठं माणूस असेल तर ठीक. अनोळखी गल्लीत, दुकानांत किंवा बसस्टँडवर नको. सार्वजनिक ठिकाणी अनोळखी लोकांकडून वर्गणी काढायची असेल तर महाराष्ट्रात धर्मादाय कार्यालयाची परवानगी लागते. गणेश मंडळं महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या ४१ क कलमाखाली घेतात तीच. मुलांच्या गटाने त्या भानगडीत पडण्यापेक्षा नोंदणीकृत संस्थेलाच विचारावं की तुमच्या पावतीपुस्तकावर आम्ही गोळा करू का. बऱ्याच संस्था हो म्हणतात, फक्त पावतीपुस्तक परत करताना एकही पान हरवलेलं चालत नाही.

आणि सिग्नलला डबे घेऊन उभं राहू नका. त्यावर जास्त लिहिणार नाही.

११. संस्था खरी आहे हे कसं ओळखायचं?

छान वेबसाइटवरून नाही. आम्ही एकदा तेच केलं आणि पावतीसाठी चार महिने पाठपुरावा केला. आता आधी नोंदणी क्रमांक मागतो, मागच्या वर्षीचा लेखापरीक्षण अहवाल मागतो, आणि त्या भागातल्या वनरक्षकाला किंवा पक्षिमित्राला विचारतो, "हे लोक खरंच इथे येतात का?" हा शेवटचा प्रश्न पहिल्या दोन्हींपेक्षा कामाचा. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी १८८३ पासून आहे, तिच्याबद्दल विचारावं लागत नाही. पण गावपातळीवरच्या लहान संस्थांनाही संधी द्या, फक्त तपासून.

१२. 'प्राणी दत्तक घ्या' म्हणजे प्राणी आमचा होतो का?

होत नाही, घरीही येत नाही. बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानासारख्या ठिकाणी पिंजऱ्यातल्या प्राण्याचा वर्षाचा खाण्यापिण्याचा आणि औषधांचा खर्च तुम्ही उचलता, आणि तुमच्या नावाचं प्रमाणपत्र मिळतं. वाघ-बिबट्याची रक्कम मुलांच्या आवाक्याबाहेरची असते, हरणांची वर्गाने मिळून जमू शकते. चांगली योजना आहे, पण बंदिस्त प्राण्याला पोसणं आणि जंगलात त्याची जात टिकवणं ही दोन वेगळी कामं. आपण कोणतं करतोय ते पोस्टरवर नीट लिहा.

१३. स्टॉलवर मोरपिसं आणि शंख ठेवले तर चालेल? किंवा सापवाले काका साप दाखवायला येतील.

साप तर अजिबात नको. सगळे साप वन्यजीव आहेत आणि त्यांचा खेळ करून पैसे मिळवणं बेकायदा आहे, कारण कितीही उदात्त असो. पिंजऱ्यातला पोपटही तसाच: आपला नेहमीचा पोपट घरी पाळणंसुद्धा गुन्हा आहे, हे अजून कित्येकांना पटत नाही.

मोरपिसाची गंमत वेगळी. गळून पडलेली मोरपिसं देशात बाळगायला आणि विकायला कायद्यात मुभा आहे, परदेशी पाठवायला नाही. पण पीस गळलेलं की उपटलेलं हे स्टॉलवर उभ्या आठवीतल्या मुलाला सांगता येणार नाही. म्हणून आमच्याकडे बंदी. शंखांच्या काही जातीही संरक्षित आहेत, त्यामुळे तेही नकोत. मातीची कासवं करा.

१४. कावळ्यांनी टोचलेलं घुबडाचं पिल्लू सापडलं. त्याच्या उपचारासाठी पैसे जमवू का?

आधी फोन. महाराष्ट्र वनविभागाची १९२६ ही हेल्पलाइन आहे. जंगली प्राणी घरी ठेवून उपचार करणं कायद्यात बसत नाही, आणि पिल्लाच्या भल्याचंही नाही. नंतर ज्या केंद्रात पिल्लू गेलं तिथे विचारा की काही हवं का. बहुधा उत्तर येतं: वर्तमानपत्रं आणि खोकी. रद्दीवाल्याकडे जाण्याआधी थोडी बाजूला काढा.

१५. माझी मुलं न्यू जर्सीत वाढतायत. मराठी मंडळाच्या कार्यक्रमात त्यांनी वेळासच्या कासवांसाठी पैसे जमवले. कसे पाठवू?

आधी देणाऱ्यांचे पासपोर्ट बघा, राहण्याचा पत्ता नाही. भारतीय नागरिक परदेशात राहून आपल्या बचतीतून बँकेमार्फत पैसे देत असेल तर ती परदेशी देणगी धरत नाहीत. पण अमेरिकेचं नागरिकत्व घेतलेला, मग त्याच्याकडे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं ओसीआय कार्ड का असेना, परदेशी देणगीदारच. अशी देणगी फक्त एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांबद्दलच्या कायद्याखाली, नोंदणी असलेल्या संस्थेलाच घेता येते, आणि तीही स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेतल्या ठरावीक खात्यात. कार्यक्रमात दोन्ही प्रकारचे लोक असतात, म्हणून सगळी रक्कम परदेशी समजूनच पाठवा. आणि कृपा करून पुण्यातल्या आजोबांच्या खात्यात पाठवून 'तिथून देऊन टाका' असं करू नका. आजोबा अडचणीत येतात.

संस्थेकडे एफसीआरए नसेल तर? पुढच्या भारतवारीत मुलांना घेऊन वेळासला जा. फेब्रुवारी-मार्चमध्ये कासव महोत्सवात सकाळ-संध्याकाळ पिल्लं समुद्रात सोडतात. गावातल्या घरात राहा, जेवा, पैसे गावातच द्या. किनारा राखणाऱ्या घरांना त्याचा थेट उपयोग होतो. (जाताना नारळाच्या वाटपाची भाजी मागून घ्या, हे आमचं वैयक्तिक मत.)

१६. पैसे नाहीत, पण मदत करायची आहे.

गिधाडांसाठी करा. गुरांना दिलेलं डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक मेलेल्या जनावराच्या मांसातून गिधाडांच्या पोटात गेलं, त्यांची मूत्रपिंडं निकामी झाली, आणि काही जाती नव्वद टक्क्यांहून जास्त कमी झाल्या. २००६ मध्ये भारताने जनावरांसाठी ते बंद केलं, २०२३ मध्ये किटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफिनॅकही. मेलॉक्सिकॅम हे गिधाडांना न मारणारं औषध उपलब्ध आहे. गावाकडे मामाच्या गोठ्यात गेलात की विचारा, बैल लंगडला की डॉक्टर कोणतं इंजेक्शन देतात? रिकामी बाटली बघा, नाव वहीत लिहा. एक पैसा खर्च नाही. मामा आधी हसेल, मग डॉक्टरांना विचारेल.

१७. मुलांचे फोटो आणि नावं ऑनलाइन टाकायची का? देणग्या वाढतात म्हणे.

वाढतात. तरी शाळेचं नाव, पत्ता आणि मुलाचा चेहरा एकत्र टाकू नका. कंदील धरलेले हात पुरतात.

१८. कंदिलाला लागलेला कागद, काठ्या, खळ यांचा खर्च जमलेल्या पैशांतून वजा करायचा का?

करा, पण आधी सांगून. डब्यावर लिहा, 'साहित्याचा खर्च वजा करून उरलेली रक्कम'. दुकानाची बिलं वहीत चिकटवा. मात्र कार्यकर्त्यांचा वडापाव त्यात धरायचा नाही. त्यावर आमच्याकडे एकदा तासभर भांडण झालं होतं, शेवटी मुलांनीच ठरवलं की वडापाव खिशातून.

१९. फक्त ३४० रुपये जमले. पाठवायला लाज वाटते.

पाठवा. सोबत कसे जमले याची चिठ्ठी आणि हिशोबाच्या वहीच्या पानाचा फोटो. चार-पाच हजारांचा हिशोब (प्रश्न ५) लागू होत नसला तरी टॉर्चचे सेल येतात.

२०. ज्या घरट्यासाठी पैसे दिले त्यातून पिल्लंच निघाली नाहीत. पैसे परत मागू का?

नाही. अंडी कधी भरतीच्या पाण्यात जातात, कधी फलित नसतात. पैसे पिल्लांच्या संख्येसाठी नव्हते, राखणीसाठी होते आणि राखण झाली. देणाऱ्यांना मात्र जसंच्या तसं कळवा. सोसायटीच्या फलकावर लिहिताना आमच्या एका मुलीने लिहिलं: 'घरटं क्र. ७ मधून एकही पिल्लू आलं नाही. घरटं क्र. ९ चं अजून बाकी आहे.' खाली कुणीतरी पेनाने विचारलं होतं, 'कधी?'